रुमालाखालचा हात

“त्या दिवशी माझ्या बापाची किती बोटं धरली होती तुम्ही?”

धनपालनं हे बसायच्या आधीच विचारलं. चपला अजून पायातच होत्या.

नजीरबाबांनी मान वर केली नाही. ते चिंचा फोडत होते. टरफल एकीकडे, चिंचोके दुसरीकडे.

“कुणाचा तू?”

“नेमाण्णा मगदुमांचा. धनपाल.”

“आणि जीपमध्ये कोण बसलंय?”

“तेच. आण्णा.”

“त्यांनी पाठवलं विचारायला?”

“त्यांना पत्ता नाही.”

“मग कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. माझा मी आलो.”

“हं...” बाबा म्हणाले. “भर दुपारी, पुलाच्या अलीकडं गाडी थांबवून, आपला आपण आलास. बरं.”

त्या ‘बरं’मध्ये विश्वास गुंजभरही नव्हता. मी मिरची विकण्यात जन्म घालवला. ‘बरं’ किती तऱ्हांनी म्हणतात ते मला कळतं.

जीप माझी. चालवत मीच होतो. मागच्या सीटवर नेमाण्णा आणि त्यांच्या मांडीवर कपड्यांची वळकटी. पुलापलीकडं सहा मैलांवर म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक संस्था आहे. तिथला कागद धनपालनं आदल्या दिवशी भरला होता. तीनच्या आत पोचवायचं होतं. आण्णांना सांगितलं होतं, डोळे दाखवायला चाललोय.

आण्णांनी गाडीत बसताना मला हळूच विचारलं होतं, “कलाप्पा, डोळे दाखवायला चार धोतरं कशाला रे लागतात?”

मी गिअर टाकला. दुसरं काय करणार?

पूल दिसायला लागला तसा धनपाल म्हणाला, “तकियापाशी पाच मिनिटं थांब. एक गोष्ट विचारायची राहिलीय. एकदा ती कळली की माझं मन मोकळं.”

आता हे नजीरबाबा कोण, ते सांगितलं पाहिजे. चाळीस वर्षांमागं ते नजीरशेठ होते. आमच्या पेठेतले हळदीचे सगळ्यांत मोठे खरीददार. मग एके वर्षी त्यांनी वखारीच्या किल्ल्या पुतण्याच्या हातात दिल्या आणि नदीकाठच्या या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, येऊन बसले. कुणी म्हणे वैराग्य आलं. कुणी म्हणे दुसरी बायको आली. मी कुणाचंच खरं धरलं नाही. व्यापारी फकीर झाला की मी आधी बघतो, दुकान कुठं हलवलंय. बघत बघत तीस वर्षं गेली. दुकान काही सापडलं नाही. पण शंका आहे ती आहे.

आणि ही बोटांची भानगड अशी. त्या काळी हळदीचा सौदा तोंडानं होत नसे. खरीददार आणि माल विकणारा समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा, आणि खरीददार आतल्या आत विकणाऱ्याची बोटं धरायचा. तीन धरली की तीन, चार धरली की चार, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त दोघांना कळणार. पटला तर सौदा. नाही पटला तर रुमाल काढायचा, नमस्कार करायचा, आणि आत काय झालं ते मरेपर्यंत बोलायचं नाही. बाजाराचा तसा दंडकच होता.

त्या रुमालात हात घालून घालून माणसं काय तयार व्हायची! आमच्याकडं बाळगोंडा चौगुले म्हणून होते. त्यांनी एकदा नुसता हात धरला, भाव दिलाच नाही. समोरच्याला म्हणाले, “आधी घरी जा. कोण आजारी आहे ते बघून ये. माल कुठं पळत नाही.” तो माणूस तिथंच रडायला लागला.

असो.

बाबांनी आणखी एक चिंच फोडली.

“नेमाण्णाचा सौदा...” ते म्हणाले. “कधीचा म्हणतोस?”

“तुम्हाला आठवतंय.”

“मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.”

“हे आठवतंय तुम्हाला. तुम्ही जीपकडं दोनदा बघितलंत.”

बाबा थांबले. पहिल्यांदा त्यांनी धनपालकडं नीट पाहिलं.

“बस,” ते म्हणाले. “उभ्या माणसाशी बोललं की मान दुखते.”

धनपाल बसला. मीही बसलो. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

“एकोणचाळीस वर्षं झाली,” धनपाल म्हणाला. “आजोबा त्याच वर्षी गेले होते. आमच्या घरात रीत होती, बाप आहे तोवर मुलानं रुमालात हात घालायचा नाही. आजोबा गेल्यावर आण्णांची ती पहिली हळद. मी पाठीमागं उभा होतो. सोळा वर्षांचा. तुम्ही दोघांनी रुमाल घेतला. मोजून पाच श्वास गेले असतील... आणि आण्णांनी हिसडा मारून हात बाहेर काढला. रुमाल धुळीत पडला. सगळ्या बाजारासमोर म्हणाले, ‘मला माल विकायचाच नाही.’”

“मग?”

“मग काय! माल परत आणून पेवात टाकला.”

पेव म्हणजे आमच्याकडं जमिनीखाली खणलेलं हळदीचं कोठार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, पोट हत्ती मावेल एवढं. तोंडावर फरशी ठेवून माती लिंपली की हळद तीन तीन वर्षं जशीच्या तशी.

“आणि श्रावणात नदी पेठेत शिरली,” धनपाल म्हणाला. “पेव उघडलं तर आत लापशी. त्या वासानं मी दोन दिवस जेवलो नाही. माझं पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं होतं, बाबा. ट्रंक भरून दारात ठेवली होती. ट्रंक परत माळ्यावर गेली, आणि मी दुकानात गेलो. तो आजतागायत.”

“वाईट झालं.”

“वाईट नाही झालं. वाईट केलं! तुम्ही त्या दिवशी पंजा दिला होता. बाजारात दुसऱ्या कुणाला चाराच्या वर मिळालं नव्हतं. आण्णांना तुम्ही पाच देत होता आणि त्यांनी मिजाशीत हात झाडला.”

“पंजा दिला हे कुणी सांगितलं तुला?”

“तुमच्याच माणसानं. चहाच्या गाड्यावर, त्याच संध्याकाळी. सगळ्यांनी ऐकलं.”

“आणि नेमाण्णा काय म्हणाला?”

“काय म्हणणार? तोंड शिवलेलं. मी दहादा विचारलं. ‘रुमालाखालचं विचारू नये’ एवढंच. राग आला की मी वाट्टेल ते बोललो त्यांना. एरवी एका घरात राहून आम्ही एकोणचाळीस वर्षं जेवायला या, औषध घ्या, पंखा बंद करा, एवढंच बोललोय.”

बाबांनी चिंचोके मुठीत घेतले, खुळखुळवले, खाली ठेवले.

“एकोणचाळीस वर्षं थांबलास. मग आजच का?”

धनपालनं जीपकडं पाहिलं.

“कलाप्पा,” बाबा माझ्याकडं वळले, “तू सांग. हा सांगणार नाही.”

मी धनपालकडं पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं. म्हणजे परवानगी होती.

“म्हातारा हसला,” मी म्हणालो.

“कधी?”

“परवा. ह्याचा मुलगा सुदर्शन, सत्तावीस वर्षांचा, सोप्यात उभा राहून ह्याला बोलत होता. ‘तुमच्या पिढीनं आम्हाला दिलं काय? पेवं बुजवलीत, वर गाळे बांधलेत, आणि आम्ही त्यात भाडेकरू शोधत बसायचं. बंगळुरूला जातो म्हटलं तर पाय धरून बसलात.’ बरंच बोलला. आणि आण्णा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते... ते हसले.”

“मोठ्यानं?”

“नाही. नुसतं नाकातनं.”

“हे हसू मी ओळखतो!” धनपाल एकदम उसळला. “जिरली, असं होतं ते हसू. ‘तू मला बोलायचास ना, आता तुझं पोरगं तुला बोलतंय, बघ.’ त्याच्यासाठीच जगला म्हातारा. तेवढं बघायला. आता बघितलं ना? झालं. आता माझ्या डोळ्यांसमोर नको.”

“म्हणजे हसला म्हणून घालवतोस?”

“हसला म्हणून नाही. पंजा झिडकारला म्हणून.”

“आणि मी पंजा दिलाच नव्हता म्हटलं तर?”

धनपालचे डोळे बारीक झाले.

“तर मी म्हणेन, तुम्ही त्यांना वाचवताय. तुम्ही दोघं एका वयाचे, एका बाजाराचे. तुमची पिढी एकमेकांचं झाकायला पक्की.”

“आणि दिला होता म्हटलं तर?”

“तर मी आत्ता उठतो. पूल ओलांडतो. मनात काही ठेवत नाही.”

“म्हणजे एक उत्तर तुला खरं वाटेल, दुसरं खोटं. हे तू घरूनच ठरवून आलायस.” बाबांनी हात झटकले. “मग माझ्या तोंडाचा उपयोग काय?”



जीपमधून खोकल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. मला वाटलं, आण्णा ऐकायचा प्रयत्न करताहेत. म्हाताऱ्याचे कान गेले होते असं धनपाल म्हणायचा. मला त्याचीही शंका होती.

“शिवाय,” बाबा म्हणाले, “दंडक आहे. रुमालाखालचं तोंडानं सांगता येत नाही. मी बाजार सोडला. दंडक नाही सोडला.”

“मग झालं तर!” धनपाल उठायला लागला. “चल कलाप्पा.”

“तोंडानं म्हटलं मी.”

बाबांनी डोक्याचा फडका सोडला. हिरवा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. तो त्यांनी स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

“तू रुमालात किती वर्षं हात घातलास?”

“बावीस. आण्णांनी त्यानंतर रुमालात हात घातलाच नाही. रीत मोडून मी घातला, उघडे सौदे सुरू झाले तोवर.”

“म्हणजे हात कळतो तुला.”

“आंधळ्याला कळावा तसा.”

“मग घाल. आज खरीददार तू. मी हळद घेऊन आलोय. माल चांगला आहे, बाजार चाराचा आहे. दे मला भाव.”

“हा काय खेळ लावलाय...”

“खेळच. पुलापलीकडं म्हातारे नेणाऱ्या गाड्या इथनंच जातात. तुला तीनच्या आत पोचायचंय, मला ठाऊक आहे. पाच श्वासांचं काम आहे.”

धनपालनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. मोठे सौदे मी पुष्कळ पाहिले, पण दोन बाजूंना दोन संशय बसलेत आणि मधे फडका आहे, असा सौदा कधी पाहिला नव्हता.

त्यानं हात आत घातला.

फडक्याखाली काही तरी हललं. मला दिसत होती ती फक्त तोंडं. बाबांचं तोंड रिकाम्या ताटासारखं. धनपालच्या कपाळावर आधी आठी आली... मग ती गेली... मग त्याचं तोंड वेगळंच झालं. दुकानात बसल्यावर होतं तसं. सराईत. थंड.

एक. दोन. तीन. चार...

बाबांनी हिसडा मारून हात बाहेर ओढला. फडका खाली पडला.

“काय लागलं हाताला?” बाबांनी विचारलं.

“नवखा आहे,” धनपाल म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं. “अंगठा मुठीत लपवलाय. बोटं एकमेकांना चिकटवून बसलाय, सोडवावी लागतात. आणि माझा हात सुटून जाईल म्हणून त्यानंच आवळून धरलाय. पहिल्यांदाच बसलाय हा.”

“आणखी?”

“भ्यालाय. घरून कुणी तरी मोठ्या विश्वासानं पाठवलंय, आणि आपल्याला यातलं काही येत नाही हे याला आत्ता कळतंय.”

“मिजास?”

“अं?”

“मिजास लागली का हाताला? तू तर आंधळ्यासारखा वाचतोस.”

धनपालनं स्वतःच्या तळव्याकडं पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

“वय?”

“चाळिशीच्या आतबाहेर.”

“भाव किती दिलास?”

धनपालनं मूठ मिटली.

“किती दिलास? माल चांगला होता. बाजार चाराचा होता.”

“चारच देणार होतो...”

“दिलेस किती?”

“तीन.”

“का?”

“भ्यालेला होता म्हणून.” धनपालचा आवाज खाली गेला. “भ्यालेल्याला एक बोट कमीच देतात.”

“हां,” बाबा म्हणाले. “मीही तेच केलं.”

चिंचेच्या झाडावरून एक कावळा उडाला. धनपाल तसाच बसून राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो भडकला.

“फसवलंत तुम्ही मला! हात मुद्दाम तसा धरलात.”

“हो. मुद्दाम धरला. तू मात्र एक बोट मुद्दाम नाही उतरलास.”

“मग पंजा? तो तुमचा माणूस? चहाच्या गाड्यावर...”

“त्याला मीच सांगितलं होतं तसं बोलायला.”

“काय?”

“नजीरशेठ पाच देतो, असं गावभर झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळी हळद माझ्या दारात. आलीही. सगळ्यांना चार दिले. कुणी विचारलं तर म्हणालो, पंजा कालच्या मालाला होता, तुमच्या मालात तो रंग नाही.” बाबा अगदी शांतपणे सांगत होते, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. “नेमाण्णा दंडक पाळणारा. तो तोंड उघडणार नाही, हे मला हात धरल्यावरच कळलं होतं. त्याच्या भरवशावर तर केलं सगळं.”

मी आजवर पुष्कळ लबाड पाहिले. काहींबरोबर जेवलोही. पण अशी लबाडी आणि असं सांगणं, दोन्ही एका माणसात पाहिलं नव्हतं. ते खरं बोलताहेत की धनपालच्या डोक्यावरचं ओझं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेताहेत, हे मला तेव्हाही कळलं नाही. आजही नाही.

धनपालला मात्र कळायची गरज नव्हती. तो उभा राहिला होता.

“एकोणचाळीस वर्षं... एका वाक्यावर मी माझ्या बापाशी...”

“हं.”

“आणि तुम्ही इथं चिंचा फोडत बसलात! लोक पाया पडतात तुमच्या!”

“पडतात खरे. मी नको म्हणतो. फार जोरात म्हणत नाही.”

“तुम्ही त्याच वेळी त्याला सांगायला हवं होतं. तुम्ही अनुभवी होता. तो भ्याला होता हे तुम्हाला कळलं होतं! हळूच एक बोट वाढवलं असतंत, मान हलवली असतीत... मोठ्या माणसानं एवढं तर करावं का नाही?”

“करावं.”

“मग का नाही केलं?”

“मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो,” बाबा म्हणाले. “सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला वाटतं, मोठी माणसं म्हणजे दुसरी कुणी तरी.”

बाबांनी एक चिंचोका दूर सारला.

“तुझा बाप किती वर्षांचा होता?”

“मला काय ठाऊक...”

“हिशेब कर. आज अठ्ठ्याहत्तर ना?”

धनपालचे ओठ हलले. दुकानदाराला एवढी वजाबाकी किती वेळ लागते? पण त्याला वेळ लागला.

“एकोणचाळीस,” तो म्हणाला.

“आणि तू आज?”

“...पंचावन्न.”

“मी सत्तेचाळीस, तो एकोणचाळीस, तू पंचावन्न.” बाबांनी बोटं मोजली नाहीत, नुसतं नदीकडं पाहिलं. “म्हणजे त्या सौद्यात आज सगळ्यांत वडील तू.”



मला माझा थोरला आठवला. परवाच मी त्याला म्हणालो होतो, तुमच्या पिढीला कष्ट माहीत नाहीत. तो छत्तीस वर्षांचा आहे. छत्तिसाव्या वर्षी मी ओल्या मिरचीची चौदा पोती वाळवल्याशिवाय विकली होती, आणि ती परत आली तेव्हा वडिलांना म्हणालो होतो, तुम्ही शिकवलंच नाही. पण ती गोष्ट वेगळी.

धनपाल पुन्हा खाली बसला. ह्या वेळी त्यानं चपला काढल्या.

“समजा, तुम्ही म्हणता तसंच झालं,” तो म्हणाला. आवाजात अजून धार होती, पण ती आता कुणावर धरावी ते त्याला कळत नव्हतं. “समजा. तरी त्यानं मला सांगायचं. मी सोळा वर्षांचा होतो, कळलं असतं मला. ‘बाळ, मी भ्यालो’ एवढे तीन शब्द. तेवढ्यासाठी एकोणचाळीस वर्षं लागतात?”

“तू सुदर्शनला काय सांगितलंस?”

“कशाचं?”

“पेवं का बुजवलीस, त्याचं.”

“त्याला काय सांगायचं! तोट्याचा धंदा होता म्हणून.”

“खरं काय?”

धनपालनं मान खाली घातली. ही गोष्ट मला ठाऊक होती. पेठेत आणखी कुणाला ठाऊक नव्हती. दरसाल नदी चढली की हा माणूस आठवडा आठवडा झोपत नसे. पेवाच्या फरशीवर कान ठेवून बसायचा, आत पाणी वाजतंय का ऐकत. शेवटी एका उन्हाळ्यात त्यानं पाचही पेवं मुरुमानं भरून टाकली. आणि बाजारात सांगत सुटला, जमाना बदललाय, आता गाळ्यांचे दिवस आले.

“तो विचारतो तुला?”

“विचारतो.”

“मग?”

“मग मी म्हणतो, तुला त्यातलं काही कळत नाही.”

बाबांनी चिंचेचं भांडं जवळ ओढलं. आणखी एक चिंच घेतली. फोडली.

“आणि ते हसू?” धनपालनं एकदम विचारलं. शेवटचा दोर धरावा तसं. “ते कशाचं होतं? ते सांगा. मी बघितलं ते हसताना. जिरली म्हणूनच हसले ते.”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“मी हात बघितला. तोंड नाही बघितलं. तुला हात बघता येतो. त्याचा कधी धरलास?”



जीपमधून आण्णांची हाक आली. “कलाप्पाऽ, अरे, झालं का त्याचं? का डॉक्टर इथंच बसतो?”

टोमणा सरळ होता. त्यांना सगळं कळलं होतं. घरातून निघतानाच कळलं होतं, तरी वळकटी मांडीवर घेऊन बसले होते. कुठं नेता, हे एका शब्दानं विचारलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

“धनपाल,” मी म्हणालो, “तीनला तिथलं दार बंद होतं. जायचं असेल तर आत्ता. नसेल तर तसं सांग. गाडी कुठं वळवू?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग जीपकडं. जीपच्या खिडकीत पांढऱ्या टोपीचा एक कोपरा दिसत होता. तो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखतो. त्याच्या तोंडावर राग कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, हिशेब कसा दिसतो तेही. हे त्यातलं काहीच नव्हतं. दुकानात कधी कधी एखादा नवा माणूस कामाला येतो, पहिल्या दिवशी वजनाचा काटा उलटा धरतो, आणि तो बघून आपल्याला हसू येतं आणि पोटात तुटतंही... त्याच्या जवळपासचं काही तरी होतं.

“बाबा,” तो म्हणाला. “मी एवढं सगळं बोललोय त्यांना. आता जाऊन काय सांगू? माफ केलं म्हणू, की माफ करा म्हणू?”

नजीरबाबांनी चिंचोका बाजूला टाकला.

“ते मग बघ,” ते म्हणाले. “आधी त्या पोराला गाडीतनं उतरव. कधीचं उन्हात बसलंय.”